पेटते थोटूक, दंडाची नोटीस आणि तात्या

पत्राचा सारांश: पत्रलेखिका सिडनीच्या पश्चिमेकडील एका उपनगरात पती आणि चार वर्षांच्या मुलासह राहतात. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात, सातारा जिल्ह्यातील एका डोंगरी गावचे शेतकरी असून नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत मुलाकडे राहायला आले आहेत. जानेवारीतील एका रविवारी हे सर्वजण सिडनीजवळच्या डोंगरातील कटूंब्याला फिरायला गेले होते. परतताना गाडी पत्रलेखिका चालवत होत्या, तात्या शेजारी बसले होते आणि पती मुलाला घेऊन मागे होते. महामार्गावर तात्यांनी सिगारेट ओढली आणि ती पेटती असतानाच काच खाली करून बाहेर टाकली. काही आठवड्यांनी गाडीची मालक म्हणून पत्रलेखिकेच्या नावे ६६० डॉलर दंडाची नोटीस आली. मागच्या गाडीतल्या कोणीतरी तक्रार केली असावी, असा त्यांचा कयास आहे. पतीचे म्हणणे असे की, तात्यांना यातले काही कळता कामा नये; त्यांच्या मनाला लागेल आणि ते पुन्हा इकडे पाऊल टाकणार नाहीत. ‘तूच टाकलीस असे लिहून दे’, नाहीतर गेल्या वर्षी कायमचा भारतात परतलेल्या एका मित्राचे नाव लिहू, असे ते सुचवतात. पत्रलेखिका स्वतः सिगारेट ओढत नाहीत आणि त्यांचा वाहन परवाना अजून हिरव्या ‘पी’चा, म्हणजे पूर्ण परवान्याआधीच्या टप्प्याचा आहे. एका थोटकासाठी एवढा दंड रास्त आहे का, सिगारेट कोणी टाकली हे कळवणाऱ्या निवेदनात नाव कोणाचे लिहावे आणि तात्यांना सांगावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात, ‘तात्यांना इथले कायदे काय समजणार?’

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात दंडाची रक्कम आणि घरातली कुजबूज डोळ्यांत भरली; दुसऱ्या वाचनात मी तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. माझ्या मते तुमच्या अडचणीची खरी गाठ त्या वाक्यात आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण नोटिशीला मुदत असते, म्हणून आधी कागदाचे बोलू.

नाव कोणाचे लिहायचे, या प्रश्नाला मला एकच उत्तर दिसते: ज्यांच्या हातून घडले त्यांचे. हे मी सत्यवचनाचा उपदेश म्हणून सांगत नाही, तुमच्या परवान्याच्या काळजीने सांगते. १७ जानेवारी २०२० पासून न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या या राज्यात, गाडी चालवणाऱ्याने पेटती सिगारेट बाहेर टाकली, तर ६६० डॉलर दंडासोबत त्याच्या परवान्यावर ५ दोषगुण (डिमेरिट पॉइंट) चढतात; ते मर्यादेला पोहोचले की परवाना निलंबित होतो. टोटल फायर बॅन, म्हणजे संपूर्ण आगबंदी जाहीर झालेल्या दिवशी हेच आकडे १,३२० डॉलर आणि १० दोषगुण असे दुप्पट होतात. सोबतच्या प्रवाशाने टाकली तर त्याला दंड तेवढाच बसतो. दोषगुण मात्र चालकाच्या कृत्यासाठी आहेत. तुमच्या हिरव्या ‘पी’च्या परवान्याची मर्यादा ७ दोषगुणांची आहे. ‘मीच टाकली’ असे लिहून देणे म्हणजे न केलेल्या कृत्यासाठी सातातले पाच दोषगुण स्वतःहून ओढवून घेणे होय. पुढच्या काळात तुमच्या हातून एखादी साधी चूक झाली तरी परवाना निलंबित होऊ शकतो, आणि मुलाला सोडणे-आणणे, नोकरी, बाजारहाट हे सगळे ज्या गाडीवर अवलंबून आहे ती दारात उभी राहील. हातातल्या नोटिशीवर गुन्ह्याचे वर्णन चालकाचे आहे की प्रवाशाचे, तेही नीट वाचून घ्या. चालकाचे असेल तर खरे नाव लिहिणे तुमच्यासाठी आणखी निकडीचे आहे.

परतलेल्या मित्राचे नाव लिहिण्याची कल्पना तर मनातूनच काढून टाका. गाडीतून कोणी काय टाकले, हे तुम्ही निवेदनात लिहून त्याखाली सही करता, तेव्हा तो साधा अर्ज राहत नाही. या राज्यात जाणूनबुजून खोटे वैधानिक निवेदन (कायद्याने शपथेसारखे मानलेले लेखी निवेदन) करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. ज्याचे नाव लिहायचे तो माणूस त्या रविवारी या देशात नव्हताच, ही गोष्ट त्याच्या पारपत्राच्या नोंदीतून कोणालाही दाखवता येईल. तुमच्या पतींना वडिलांची अब्रू जपायची आहे, हे मला कळते आणि त्यात काही गैर नाही. पण ६६० डॉलरच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी ते बायकोला फौजदारी गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभे करत आहेत, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. त्यांना हे शांतपणे, याच शब्दांत सांगा. आणखी एक गोष्ट मला खटकली, ती बोलून टाकते. चूक सासऱ्यांची, ती लपवण्याची गरज नवऱ्याला वाटते आणि नाव मात्र सुनेचे लागते. घरात कोणी असे ठरवून केले नसेल. आपल्याकडे ते नकळत होते, म्हणून वेळीच थांबवणे बरे.

तात्यांच्या व्हिसाची भीतीही तुमच्या पत्रात ओळींच्या मधून डोकावते. अशा नोटिशीचा दंड मुदतीत भरला की विषय तिथेच मिटतो; ती न्यायालयातील दोषसिद्धी नव्हे आणि गुन्हेगार म्हणून नोंदही होत नाही. तरीही मनाला खात्री वाटत नसेल, तर लीगल एड न्यू साउथ वेल्सच्या मोफत मदतवाहिनीवर विचारा, किंवा नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराशी एकदा बोला. ओळखीपाळखीच्या लोकांच्या ‘आमच्या एकाचे असे झाले होते’ या ऐकीव गोष्टींवर मात्र काही ठरवू नका.

नोटिशीत नसलेली एक बाब मला सांगितलीच पाहिजे. तुमचा चार वर्षांचा मुलगा त्या वेळी मागे बसला होता. सोळा वर्षांखालील मूल गाडीत असताना सिगारेट ओढायला या राज्यात जुलै २००९ पासून बंदी आहे. पोलिसांनी पाहिले तर २५० डॉलरचा दंड होतो, आणि ओढणाऱ्याबरोबर गाडी चालवणाराही त्यात दोषी धरला जातो. म्हणजे त्या दिवशी तात्यांनी सिगारेट शिलगावली, तेव्हा गाडी कडेला घेण्याची जबाबदारी तुमचीही होती. सासऱ्यांना थांबवायला सुनेची जीभ रेटत नाही, हे मी जाणते. मीही त्याच घरांतून आले आहे. म्हणूनच पुढे मी जे सुचवणार आहे, त्यात तुम्हाला चालत्या गाडीत काही बोलावे लागू नये, अशी सोय पाहिली आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. थोटूक ते केवढे आणि दंड आपल्या हिशेबाने पस्तीस हजार रुपयांच्या पुढे, हे रास्त आहे का? तुम्ही हा कचरा टाकल्याचा दंड समजता, म्हणून तो अवाढव्य वाटतो. इथे विझलेले थोटूक रस्त्यावर टाकले तर दंड ८० डॉलर आहे. तेच थोटूक पेटते असेल तर ६६०. कागद तोच, तंबाखू तीच, आकारही तोच. सव्वाआठ पट वाढलेला आकडा टोकावरच्या निखाऱ्याचा आहे. हा निखारा दिसतो एवढासा, पण सिगारेट नुसती धुमसत असताना त्याचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअस असते आणि झुरका घेताना ते ९०० अंशांपर्यंत जाते. खिडकीतून बाहेर पडताना त्याला गाडीच्या वेगाचा वारा मिळतो. असे प्रत्येक थोटूक आग लावते, असे मी म्हणणार नाही. बहुतेक थोटके डांबरावर पडून विझून जातात. पण ते जर वाळलेल्या गवताच्या बारीक काड्यांत पडले, हवा कोरडी असली आणि वारा सुटलेला असला, तर पुढचे काही टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. तो तोवर दोन किलोमीटर पुढे गेलेला असतो आणि मागे काय झाले, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. कायदा या घटकेकडे पाहतो. आग लागल्यावर ती कोणत्या थोटकाने लागली हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य, म्हणून आग लागण्याची वाट न पाहता टाकण्याच्या कृतीलाच दंड ठेवलेला आहे.

तुम्ही ज्या रस्त्याने परत आलात तो ग्रेट वेस्टर्न हायवे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. दोन्ही अंगांना निलगिरीचे रान, खाली सालींच्या लोंबत्या पट्ट्या आणि तेलकट पानांचा वाळलेला थर. याच रस्त्यावर स्प्रिंगवूड लागते. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी स्प्रिंगवूड आणि विनमली परिसरात लागलेल्या वणव्यात सुमारे २०० घरे जळाली. ती आग सिगारेटने लागली नव्हती, झाड वीजवाहिनीवर पडून लागली होती. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तर या एका राज्यात सुमारे ५५ लाख हेक्टर क्षेत्र जळाले, २,४०० हून अधिक घरे गेली आणि २६ माणसे दगावली. त्यातले मोठमोठे वणवे विजांमुळे पेटले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळ्या वणव्यांचे खापर सिगारेट ओढणाऱ्यांवर फोडणे खोटेपणाचे ठरेल. पण विजेला कोणी आवरू शकत नाही आणि खिडकीतून बाहेर येणारा हात आवरता येतो, म्हणून लोकांचा सगळा राग त्या हातावर एकवटतो. मोठ्या वणव्यांच्या त्या उन्हाळ्यातच, ऐन जानेवारीत, दोषगुणांची तरतूद लागू झाली, हे लक्षात घ्या.

त्या डिसेंबरात मी याच शहरात होते. १० डिसेंबरला धूर इतका दाट होता की, शहरातल्या इमारतींमध्ये आग नसतानाही आगीच्या घंटा वाजत होत्या. आमच्या परसात दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या पंच्यावर एक जळके पान येऊन बसले होते. पूर्ण काळे, पण शिरा न् शिरा शाबूत. मी ते उचलायला गेले आणि बोट लागताच त्याची भुकटी झाली. सर्वांत जवळची आग आमच्यापासून कित्येक किलोमीटर दूर होती. त्यानंतर कोणाच्याही गाडीतून ठिणगी उडताना दिसली की, माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून मागच्या गाडीतल्या त्या माणसाबद्दल तुमच्या पत्रात जो कडवटपणा आहे, त्याला मी साथ देऊ शकत नाही. ‘आम्ही भारतीय दिसलो म्हणून चुगली केली’ असे तुमच्या पतींना वाटते. तसा अनुभव इथे कोणाला कधीच येत नाही, असे मी म्हणणार नाही. पण गाडीतून कचरा टाकणाऱ्यांची नोंद नागरिकांनी पर्यावरण प्राधिकरणाकडे करावी, अशी सोय या राज्यात २०१५ पासून आहे. त्यासाठी आधी आपले नाव नोंदवावे लागते आणि मग गाडीचा क्रमांक, ठिकाण, वेळ, काय टाकले आणि कोणत्या बाजूने टाकले हे सांगावे लागते. तुम्ही दंड नाकारून न्यायालयात गेलात, तर त्या माणसाला साक्षीला उभे राहावे लागू शकते. एवढी यातायात तो कशासाठी करत असेल? इथल्या ग्रामीण अग्निशमन दलात ७० हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. नोकरी सांभाळून, पगार न घेता ते आगीत उतरतात. मागच्या गाडीत त्यांच्यापैकी कोणी होते की नाही, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पण डोंगरातल्या त्या रस्त्यालगत ज्याचे घर आहे, त्याने ती ठिणगी पाहिली असेल तर त्याला काय वाटले असेल, याचा विचार करून पाहा.

आता तात्या. ताई, साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात ज्याचे आयुष्य गेले, त्याला आगीबद्दल काय समजणार, असे विचारण्याआधी थोडे थांबा. तिथे पावसाळा सरला की कंबरेइतके गवत उभे राहते, थंडीत ते पिवळे पडते आणि फेब्रुवारी लागला की वणव्याचे दिवस येतात. वनखाते जाळरेषा काढते, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करते. रात्री समोरच्या डोंगरावर आगीची माळ दिसली की, गावातले लोक हातात ओल्या फांद्या घेऊन निघतात आणि झोडपून झोडपून आग विझवतात. तात्या अशा रात्री कधी गेले नसतील, असे मला वाटत नाही. विडीच्या थोटकाने कोणाची गवताची गंजी गेली, कोणाच्या आंब्याच्या कलमांना झळ लागली, याच्या गोष्टी त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त असतील. माझ्या लहानपणी वणवा विझल्यावर आम्ही मुले माळावर गेलो होतो. टिटवीची चार अंडी उघड्यावर तशीच होती, ठिपके दिसत होते, पण हातात घेतली तर भाजलेली. टिटवी वर घिरट्या घालत ओरडत होती. तात्यांना या अंड्यांची गोष्ट सांगायची गरज नाही. त्यांनी असे काही पाहिलेलेच असणार.

मग त्यांनी पेटती सिगारेट का टाकली? मला वाटते, त्यांना ते रान रान वाटलेच नाही. गुळगुळीत चारपदरी रस्ता, पांढऱ्या रेघा, वेगात जाणाऱ्या गाड्या, वातानुकूलित गाडीत बंद काचा; यात डोंगर आहे, वाळलेला पाला आहे आणि जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा आहे, हे डोळ्यांना कळते, हाताला कळत नाही. त्यांच्या अंगात जानेवारी म्हणजे थंडी. त्यांच्या गावी थंडीत गवत अजून पुरते वाळायचे असते. इथे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा कायद्याने ठरवलेला वणव्याचा हंगाम आहे. तात्या नेमके याच महिन्यांत इथे आहेत आणि ऋतू उलटे आहेत, ही साधी गोष्ट त्यांना कोणी बसून सांगितली होती का? तुम्ही त्यांना ऑपेरा हाउस दाखवलेत, मॉल दाखवलेत. रस्त्याच्या कडेला अर्धवर्तुळाची ती आगीच्या धोक्याची रंगीत पाटी असते, तिचा अर्थ सांगितलात का? मी दोष देत नाही. आपण सगळेच आईवडिलांना आणतो तेव्हा प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो, ही गोष्ट राहून जाते.

म्हणून माझे मत असे की, तात्यांना सांगावे. आणि ‘इथला कायदा फार कडक आहे हो’ अशी सुरुवात करून नव्हे. कायद्याचा धाक घातला तर ते खजील होतील, किंवा ‘असला कसला देश’ म्हणून चिडतील. त्यांच्या मुलाने सांगावे, सुनेने नव्हे. तुम्ही शेजारी बसा. जेवणे झाल्यावर, नातू झोपल्यावर, त्या दिवशीचा रस्ता नकाशावर दाखवा. हा वणव्याचा पट्टा आहे, इथे आत्ता आपल्या मार्च-एप्रिलसारखे दिवस आहेत, एवढे सांगा आणि थांबा. पुढचे ते स्वतः बोलतील. मग नोटीस पुढे ठेवून मराठीत वाचून दाखवा. ज्या माणसाने आयुष्यभर डोंगर राखला, त्याच्यापासून ही गोष्ट लपवणे म्हणजे त्याला लहान मूल ठरवणे आहे. लपवलेले कधीतरी बाहेर येतेच. एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून ‘तुमच्यामुळे सूनबाईंच्या परवान्यावर गुण चढले’ असे त्यांच्या कानावर गेले, तर ते आत्ता लागेल त्यापेक्षा किती तरी जास्त लागेल.

‘आमच्याकडे असले काही नसते’ असे तात्या म्हणाले, तर त्यांना हळूच आठवण करून द्या. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे, किंवा वनाला धोका होईल अशी आग तशीच सोडून जाणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात असेही आहे की, आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर राज्य सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकते. म्हणजे एकाच्या हातून आग सुटली आणि गावाची गुरे दावणीला राहिली, असे होऊ शकते. आगीबाबत निष्काळजी वागून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फरक एवढाच की, आपल्याकडे हे कलम सहसा आग लागल्यावर आठवते. इथे ठिणगी हातातून सुटली की नोटीस निघते. आपल्याकडेही तसे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

पैशांचे म्हणाल, तर ६६० डॉलर घरखर्चातून एकदम काढणे जड जात असेल. दंड वसूल करणाऱ्या रेव्हेन्यू न्यू साउथ वेल्स या सरकारी कार्यालयाकडे हप्त्यांची सोय मागता येते. त्यात कमीपणा काही नाही. नोटिशीतला तपशील चुकीचा असेल, म्हणजे वेळ, ठिकाण किंवा गाडी वेगळी असेल, तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. तुमच्या बाबतीत घटना खरी आहे, असे तुम्ही स्वतःच लिहिता. अशा वेळी ‘पाहुणे आहेत, माहीत नव्हते’ या एका कारणावर न्यायालयात जाणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तिथे हरलात तर रक्कम वाढू शकते आणि आगबंदीच्या दिवसाची प्रकरणे तर ११,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतात. तात्या पैसे देऊ करतील, अशी माझी अटकळ आहे. देऊ केले तर घ्या, निदान थोडे तरी घ्या. ‘राहू द्या हो, काय त्यात’ म्हणून परत केलेत, तर त्यांच्या डोक्यावर उपकाराचे ओझे राहील. चुकीची भरपाई स्वतः केली, याचे समाधान त्यांना मिळू द्या.

पुढच्या प्रवासांसाठी, आणि ज्यांच्याकडे गावाकडून सिगारेट किंवा विडी ओढणारी मोठी माणसे येतात अशा सगळ्याच घरांसाठी, काही गोष्टी लिहिते. गाडीत सिगारेट नाही, हा नियम पाहुणे पहिल्यांदा गाडीत बसण्याआधीच घरात सांगून टाकावा आणि तो नातवाच्या नावाने सांगावा. आजोबा नातवासाठी जे ऐकतात ते कायद्यासाठी ऐकत नाहीत. दर तासाला गाडी थांबवा, चहाला थांबलो असे म्हणा. घट्ट झाकणाचा छोटा पत्र्याचा डबा घ्या, तळाशी वाळू घाला आणि तो तात्यांच्याच हातात द्या. थोटूक त्यात पूर्ण चुरडायचे, झाकण लावायचे आणि गार झाल्यावरच कचरापेटीत टाकायचे. प्लॅस्टिकची बाटली या कामाला वापरू नका. धुमसते थोटूक थेट कचरापेटीतही टाकू नका, कारण पेटीतला कागद पेटतो. मागच्या काचा उघड्या असतील, तर पुढून टाकलेली ठिणगी वाऱ्याने उलटून मागच्या सीटवर येऊ शकते, आणि तुमच्याकडे मागे मूल बसलेले असते. राष्ट्रीय उद्यानांत सिगारेट ओढायला इथे पूर्ण मनाई आहे. कटूंब्याच्या पायवाटा बहुतांशी उद्यानात येतात, तेव्हा तिथे डबाही काढायचा नाही. सहलीला निघण्याच्या सकाळी त्या दिवशी आगबंदी आहे का, ते ‘हॅझार्ड्स निअर मी’ या सरकारी ॲपवर पाहावे. हे काम तात्यांकडेच सोपवा. नातवाला मांडीवर घेऊन ते रोज पाहतील आणि दोन दिवसांत तुमच्यापेक्षा नीट सांगू लागतील. चुकून ठिणगी बाहेर पडलीच आणि मागे धूर दिसला, तर पळून न जाता सुरक्षित जागी थांबून लगेच ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

आता या आठवड्यातले काम. नोटिशीवरची शेवटची तारीख पाहा आणि तिच्या निदान चार दिवस आधी सगळे पाठवून मोकळ्या व्हा. निवेदनात घडले तेवढेच लिहा: गाडी मी चालवत होते, सिगारेट शेजारी बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी टाकली, त्यांचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि सध्याचा पत्ता. पत्ता भारतातला न देता तुमच्या घरचा द्या, कारण ते मार्चअखेरपर्यंत तिथेच आहेत आणि पुढची नोटीस त्यांच्या हातात पडली पाहिजे. सहीला साक्षीदार लागत असेल, तर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे अशा सह्यांना साक्ष राहणारे अधिकृत स्वयंसेवक, अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत ठरलेल्या वेळी बसतात आणि त्यांना शुल्क द्यावे लागत नाही. निवेदन पाठवण्याआधी तात्यांना वाचून दाखवा आणि त्यांचे नाव इंग्रजीत बरोबर लिहिले आहे ना, ते त्यांच्या पारपत्राशी ताडून पाहा. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा.

आणि मार्चअखेर तात्या निघतील, तेव्हा तो वाळूचा डबा रिकामा करून त्यांच्या बॅगेत घाला. ते गावी पोहोचतील तेव्हा तिथले गवत वाळलेले असेल.